शुक्रवार दुपारच्या आत

इंग्लंडमध्ये घरीच शेवटचे दिवस काढणाऱ्या पेशंटची शनिवारची रात्र कशी जाणार, हे बहुतेकदा शुक्रवारी दुपारीच ठरून गेलेलं असतं. जीपीचा, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. त्यानंतर फोनवर जो डॉक्टर भेटतो त्याने पेशंटला कधी पाहिलेलं नसतं. मॉर्फिनची इंजेक्शनं प्रत्येक केमिस्टकडे नसतात. काही ठरावीक दुकानांत साठा असतो, पण ती दुकानं रात्रभर उघडी नसतात. रात्री दोन वाजता पेशंट तळमळायला लागला की घरात जे आहे तेवढ्यावरच भागवायचं. रात्रपाळीची नर्स येईलही, पण औषधांच्या रिकाम्या डब्यातून ती काय देणार?

कम्युनिटीतल्या नर्सिंग असोसिएटचं खरं काम इथे आहे. मंगळवारी-बुधवारी घरी गेल्यावर शनिवारच्या रात्रीला काय लागेल ते ओळखायचं आणि ज्याच्या हातात ते आहे त्याच्या कानावर वेळेत घालायचं. इंजेक्शन देणं, सिरिंज ड्रायव्हर (औषधाचा छोटा पंप) भरणं, ड्रेसिंग करणं हे हाताला वळण लागलं की जमतं. ओळखायला मात्र दोन-तीन वर्षं जावी लागतात.

हे पद तसं नवंच. लॉर्ड विलिस यांच्या २०१५च्या आढाव्यातून हेल्थकेअर असिस्टंट आणि नर्स यांच्यामधल्या पायरीची कल्पना पुढे आली. २०१७ मध्ये पहिल्या तुकड्या शिकायला लागल्या आणि २८ जानेवारी २०१९ पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने नोंदणी सुरू केली. दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री, तीही बहुतेकांची नोकरी करता करता. सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, पगाराची श्रेणी बँड ४. आपल्याकडचे लोक लगेच एएनएमशी तुलना करतात. दोन वर्षांचं शिक्षण एवढंच साम्य, कारण असोसिएटचा सुईणपणाशी काही संबंध नाही. कौन्सिलच्या मानकांत नर्सचे सात विभाग आहेत, असोसिएटचे सहा. फरक थोडक्यात असा, की पेशंटची पूर्ण पाहणी करून काळजीचा आराखडा नर्स आखते. असोसिएट ती काळजी देते, तिच्यावर लक्ष ठेवते आणि बदल दिसला की कळवते. ड्रायव्हर कोणी लावायचा, कंट्रोल्ड ड्रग, म्हणजे मॉर्फिनसारखं कायद्याने नियंत्रित औषध, कोणी द्यायचं, हे त्या त्या ठिकाणच्या पॉलिसीवर आणि हातात असलेल्या कॉम्पिटन्सीच्या, म्हणजे ते काम येतं याच्या, सहीवर ठरतं. सही नसेल तर हात लावायचा नाही, घरचे कितीही अगतिक होऊन विनवोत.

‘फक्त कळवते’ हे ऐकायला कमीपणाचं वाटतं. पण डिस्ट्रिक्ट नर्सच्या, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या नर्सच्या, यादीत पेशंट इतके असतात, की एकाच घरात आठवड्यातून तीन-चारदा जाणारी व्यक्ती असोसिएटच असते. प्रकृतीची घसरण तिलाच आधी दिसते.

यादीतल्या पेशंटना बऱ्याच टीम रंग देतात. निळा म्हणजे वर्ष किंवा अधिक, हिरवा म्हणजे महिने, पिवळा म्हणजे आठवडे, लाल म्हणजे दिवस. रंग कधी बदलायचा, याचा जुन्या नर्सेसचा ठोकताळा अजून चालतो: बदल महिन्या-महिन्याने दिसत असेल तर हाताशी महिने आहेत, आठवड्याने दिसत असेल तर आठवडे, आणि रोज दिसायला लागला तर दिवस. त्यामुळे ‘थोडे थकलेले वाटतात’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. ‘गेल्या सोमवारी जिना चढले. आज पलंगावरून कमोडपर्यंत दोघांचा आधार लागला. सकाळच्या गोळ्या गिळायला वीस मिनिटं. काल दोन घोट सूप, आज नको म्हणाले.’ असं लिहिलं की वाचणारी नर्स फोन उचलते. सोबत एकेपीएसचा, म्हणजे पेशंट किती हिंडू-फिरू शकतो ते मोजणाऱ्या पट्टीचा, आकडा टाकायचा: अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात असेल तर ४०, पूर्ण अंथरुणाला खिळला असेल तर २०. आठवड्यात ४० वरून २० वर आलेला पेशंट पिवळ्यात ठेवून वीकेंडला जाणं हीच सर्वात नेहमीची चूक.

गोळी गिळायला त्रास ही पहिली घंटा. त्या दिवशी घरात इंजेक्शनचा डबा आहे का ते पाहायचं. याला इथे ‘जस्ट इन केस’ म्हणतात. चार तक्रारींची औषधं त्यात असतात: दुखणं आणि धाप यासाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडॅझोलॅम, उलटी-मळमळीसाठी लेव्होमेप्रोमॅझिन किंवा हॅलोपेरिडॉल, आणि घशातल्या घरघरीसाठी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड किंवा ग्लायकोपायरोनियम. शिवाय इंजेक्शनचं पाणी, सिरिंजा, सुया, वापरलेल्या सुया टाकायचं शार्प्स बिन. ज्याला आधी मॉर्फिन कधी दिलेलं नाही त्याला सहसा २.५ ते ५ मिग्रॅ कातडीखाली, मिडॅझोलॅम २.५ ते ५ मिग्रॅ, लेव्होमेप्रोमॅझिन ६.२५ मिग्रॅ. किडन्या गेलेल्या असतील तर मॉर्फिन शरीरात साचतं, झटके येतात, म्हणून तिथे ऑक्सिकोडोन किंवा अल्फेंटानिल. पार्किन्सन्स असेल तर हॅलोपेरिडॉल आणि लेव्होमेप्रोमॅझिन दोन्ही टाळायची. पेशंट लाकडासारखा आखडतो. डबा छापील साच्यातून मागवला जातो, त्यामुळे पार्किन्सन्सच्या घरातही तो तसाच येऊन पडतो. उघडून वाचणाऱ्याच्याच हे लक्षात येतं.

डबा पाहायचा म्हणजे झाकण उघडून, अँप्यूल हातात घेऊन, मोजून. मिडॅझोलॅमचे १० मिग्रॅ २ मिलीमध्येही मिळतात आणि ५ मिलीमध्येही. २.५ मिग्रॅ द्यायचे तर पहिल्यातून अर्धा मिली, दुसऱ्यातून सव्वा मिली. कातडीखाली सव्वा मिली टोचणं म्हणजे पेशंटला गाठ आणि कळ, म्हणून घरी २ मिलीवालंच हवं. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचंही तसंच. नेहमीच्या बाटलीत ५ मिलीला १० मिग्रॅ, आणि तीव्र द्रावणात १ मिलीलाच २० मिग्रॅ. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात असणं हा अपघात आहे, फक्त अजून झालेला नाही. दिसल्या की त्याच दिवशी एक परत पाठवायची व्यवस्था.

आता सर्वांत जास्त रात्री कशामुळे बिघडतात ते. औषध घरात असतं, पण ते द्यायची परवानगी नसते. औषध आणायचं प्रिस्क्रिप्शन हा एक कागद, आणि नर्सला ‘हे, इतकं, इतक्या अंतराने दे’ असं सांगणारा सहीचा चार्ट हा दुसरा. जीपी घाईत पहिला पाठवतो, दुसरा राहतो. किंवा चार्ट येतो पण डोसच्या पुढे किमान किती तासांनी ते लिहिलेलं नसतं. अशा वेळी दहा अँप्यूल समोर ठेवून नर्स फोनवर तासभर ताटकळते. प्रिस्क्रिप्शनच्या बाजूनेही अडतंच: मॉर्फिन आणि मिडॅझोलॅमला एकूण संख्या अक्षरी आणि आकडी दोन्ही लिहावी लागते, आणि कागद २८ दिवसच चालतो. म्हणून आमच्या नर्सिंग टीमच्या डायरीत बुधवार हा डब्याचा वार. औषध, चार्ट, सही, तारीख, ताकद, संख्या. गुरुवारी दुरुस्ती झाली तर शुक्रवार हाताशी उरतो.

डबा दारात आला की घरचे विचारतात, ‘म्हणजे आता झालंच का?’ उत्तर सरळ द्यावं. आग विझवायचं नळकांडं भिंतीला लावतो ते आग लागली म्हणून नव्हे. बरेच डबे शेवटपर्यंत न उघडता परत जातात.

ड्रायव्हर म्हणजे सिरिंज ड्रायव्हर, बॅटरीवर चालणारा छोटा पंप. सिरिंजचा दट्ट्या चोवीस तासांत हळूहळू ढकलतो आणि औषध कातडीखाली जात राहतं. पूर्वी ग्रेसबी कंपनीचे दोन पंप होते. एक मिलीमीटर दर ताशी मोजायचा, दुसरा मिलीमीटर दर चोवीस तासांनी, आणि दिसायला जवळपास सारखेच. घोटाळा झाला की दिवसभराचं मॉर्फिन तासाभरात आत. २०१० मध्ये सुरक्षेचा इशारा निघाला आणि पाच वर्षांत ते बाद करायला सांगितलं गेलं. आता बहुतेक ठिकाणी टी-३४ किंवा त्याचाच पुढचा अवतार. हा मिलीमध्ये मोजतो आणि सिरिंज स्वतः ओळखतो.

एक ड्रायव्हर भरून पाहू. पेशंट तोंडाने दिवसाला ६० मिग्रॅ मॉर्फिन घेत होता. कातडीखालून द्यायचं तर निम्मं, म्हणजे ३० मिग्रॅ: १० मिग्रॅच्या तीन अँप्यूल, ३ मिली. मिडॅझोलॅम १० मिग्रॅ म्हणजे २ मिली. लेव्होमेप्रोमॅझिन १२.५ मिग्रॅ म्हणजे अर्धा मिली. एकूण साडेपाच मिली. ३० मिलीच्या ल्युअर-लॉक (पिळून घट्ट बसणाऱ्या तोंडाच्या) सिरिंजमध्ये हे घेऊन इंजेक्शनच्या पाण्याने २२ मिलीपर्यंत भरायचं, म्हणजे पाणी साडेसोळा. २० मिलीची सिरिंज असेल तर १७ पर्यंत. सिरिंज दोन-तीनदा हळू उलटसुलट करायची आणि उजेडाकडे धरून पाहायची. गढूळ किंवा स्फटिक दिसले तर टाकून द्यायची. सायक्लिझिन हे उलटीचं दुसरं औषध सलाइनमध्ये घातलं की हमखास स्फटिक होतात; त्याला पाणीच हवं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शक्यतो वेगळं.

लेबलवर नाव, जन्मतारीख, प्रत्येक औषध आणि मिग्रॅ, कशात मिसळलं ते, तारीख, वेळ, सही. लेबल कुठे चिकटवायचं यातही गोम आहे. पंपाची पकड जिथे बसते तिथे लेबलची जाडी आली की पंप सिरिंजचा आकार चुकीचा वाचतो. आकडे झाकले तर पुढच्या भेटीत कुणाला काही वाचता येत नाही. म्हणून आकड्यांच्या मागच्या बाजूला, पकडीपासून दूर.

पंप आधी रिकामा सुरू करायचा, ढकलणारा भाग सरकून थांबला की मगच सिरिंज बसवायची. सिरिंजची नळी, कडा आणि दट्ट्या यांचे असे तीन सेन्सर; तिन्ही बसले नाहीत तर तो हलतच नाही. स्क्रीनवर सिरिंजची कंपनी आणि आकार येतो, तो डोळ्यांनी पडताळून होकार द्यायचा. इथपर्यंत सगळे शिकतात. चूक पुढे होते. पंप विचारतो, जुनंच पुढे चालू करायचं की नवी सिरिंज? नवी सिरिंज लावलेली असताना सवयीने ‘येस’ दाबलं की पंप जुन्या कार्यक्रमात शिरतो आणि वेळेचं गणित कोलमडतं. नव्या सिरिंजला ‘नो’. थकलेल्या संध्याकाळी हे बटण दाबण्याआधी बोट उचलून एकदा वाचायचं, एवढाच उपाय.

२२ मिली चोवीस तासांत म्हणजे ताशी ०.९२ मिलीच्या आसपास. दुपारी तीनला सुरू केलेला ड्रायव्हर रात्री नऊला साधारण साडेसोळा मिलीवर असायला हवा. एकोणीस दिसले तर तो मध्ये थांबलेला आहे. लाइन कुशीखाली दबली, सुईची जागा लाल-कडक झाली, बॅटरी उतरली, यांपैकी एक. प्रत्येक भेटीत उरलेले मिली, वेग, बॅटरी आणि जागा लिहायची. जागा निवडताना छातीचा वरचा भाग, दंड, मांडी, पोट. सूज असलेला पाय नाही, पाणी भरलेलं पोट नाही, रेडिएशन दिलेली कातडी नाही. ओढाओढ करणाऱ्या पेशंटला पाठीवर, खांद्याच्या फऱ्याजवळ, हात पोचणार नाही अशी.

ड्रायव्हर लावला आणि नर्स निघून गेली, तासाभरात घरच्यांचा फोन: ‘काहीच फरक नाही.’ बरोबरच आहे. रक्तात पुरेशी पातळी यायला तीन-चार तास लागतात. म्हणून लावतानाच चार्टवरचा एक सुटा डोस द्यायचा. ३० मिग्रॅच्या ड्रायव्हरला तो सहावा हिस्सा, ५ मिग्रॅ. आणि कॅन्युलातून, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या बारीक नळीतून, सुटा डोस दिला की ०.२ ते ०.३ मिली पाण्याने फ्लश, नाहीतर औषध नळीतच बसून राहतं. फेंटानिलचा पॅच, म्हणजे दुखण्यासाठी कातडीवर चिकटवायची पट्टी, असेल तर तो काढायचा नाही. तो तसाच ठेवून, ७२ तासांनी बदलत, ड्रायव्हरमधून वरची भर द्यायची. पॅचवर गरम पाण्याची पिशवी किंवा इलेक्ट्रिक ब्लँकेट आलं की औषध भसकन आत जातं. थंडीत हे विचारावंच लागतं.

तळमळणाऱ्या पेशंटला मिडॅझोलॅम देण्याआधी आम्ही पोटावर हात ठेवतो. लघवी तुंबलेली असली तर माणूस बोलू शकत नसतानाही उठून बसायला धडपडतो, चादर ओढतो, कपडे काढतो. कॅथेटर घातला की पाचव्या मिनिटाला झोपतो. शौचाला कधी झाली होती, मॉर्फिनबरोबर रेचक चालू होतं का, कुशीखाली काही टोचतंय का, कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवल्याने घाबरलेत का. हे सगळं पाहून झालं की मग इंजेक्शन. उलट क्रमाने केलं तर पेशंट गुंगीत जातो आणि मूत्राशय तसंच ताणलेलं राहतं.

आता भाषेचं. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ची. १९६०-७०च्या दशकांत इथे आलेली मराठी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि डिमेन्शिया झालेला माणूस बऱ्याचदा पहिल्या भाषेकडे परततो. नोंदीत ‘पेन, स्कोअर सात’ असतं, पण पेशंट मराठीत जे सांगतो त्यात निम्मं निदान असतं. ‘कळ येते’ म्हणजे येते आणि जाते. आतड्याची असेल तर मॉर्फिनपेक्षा हायोसिन ब्युटिलब्रोमाइडचा उपयोग. ‘आग होते, मुंग्या येतात, करंट मारतो’ हे नसेचं दुखणं, त्याला मॉर्फिन अपुरं पडतं, गॅबापेंटिन किंवा अॅमिट्रिप्टिलिनचा विचार हवा. ‘ठणकतंय’ म्हटलं की गळू, सुजलेली जागा, कधी हाड. ‘कोरडे उमासे’ आणि ‘उलटी’ यांत फरक आहे. आणि ‘जीव घाबरा होतो’ हा शब्द सर्वांत फसवा: धाप, भीती, मळमळ, छातीत धडधड, चारांपैकी काहीही. तिथे थांबून विचारायचं, ‘श्वास पुरत नाही, की पोटात ढवळतंय?’ दुभाष्या म्हणून नातवंडाला उभं करू नये. आजोबा नातवासमोर शौचाबद्दल बोलत नाहीत, आणि नातू मरणाबद्दलचं वाक्य अर्धं गिळतो. फोनवरचा व्यावसायिक दुभाषी मागता येतो, आणि तोच मागावा.

खाण्यावरून प्रत्येक घरात होतं. पेज तरी भरवू का, साखरपाणी तरी? गिळणं शाबूत असेल तर हवं तेवढं, सरळ बसवून, चमच्याने, थांबत. गिळल्यावर आवाज ओला येत असेल, खोकला येत असेल तर ते पोटात न जाता फुप्फुसात जातंय. तेव्हा हात रिकामे राहू नयेत म्हणून तोंडाची निगा घरच्यांकडे सोपवायची. लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा, दात, हिरड्या, जीभ आणि टाळू हळू पुसायचा, दर तास-दोन तासांनी. काडीवरचे स्पंज वापरत नाही. स्पंज सुटून घशात अडकल्याचे प्रकार झालेले आहेत. ओठांना पाण्यावर आधारलेलं जेल. तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचं असतं हे आम्हाला माहीत आहे, इंग्लिश सहकाऱ्यांना मात्र सांगून ठेवावं लागतं. पान जिभेवर न ठेवता ओठांवर, गंगाजलात ब्रश बुडवून ओठ ओले करायचे. ठसका न लागता विधी होतो.

पलंगाजवळ ऑक्सिजन चालू असेल तर निरांजन तीन मीटर लांब, त्याहूनही बरं म्हणजे दुसऱ्या खोलीत. इथे बॅटरीचा दिवा चालवून घ्यावा. अंगाला लावायची मलमं कपड्यांत मुरतात आणि मग कपडा भुरकन पेटतो, हेही त्याच वाक्यात सांगायचं.

वर-खाली होणारा पलंग तळमजल्यावर लागतो, जवळ सॉकेट हवा. हवेची गादी वीज गेली की हळूहळू बसते, म्हणून घरच्यांना १०५ हा वीजपुरवठ्याचा नंबर आणि प्राधान्य यादीत नाव घालायला सांगून ठेवायचं. बेडसोरची नजर टाचा आणि माकडहाडावर. काळसर कातडीवर लाली दिसत नाही; बोटांच्या पाठीने गरमपणा आणि कडकपणा चाचपायचा. हे गोऱ्या कातडीवर शिकलेल्यांकडून कायम सुटतं.

कागदांपैकी डीएनएसीपीआरचा, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा चालू करायला जाऊ नये असं सांगणारा, फॉर्म अस्सल आणि सापडेल अशा जागी. घाबरून कुणी ९९९, म्हणजे अँब्युलन्सचा नंबर, लावला आणि फॉर्म दिसला नाही, तर पॅरामेडिक छाती दाबायला सुरुवात करतात. फॉर्म ड्रॉवरमध्ये असून उपयोग नाही. हृदयात शॉक देणारं आयसीडी यंत्र आहे का, हे पिवळ्यातच विचारायचं. बंद केलं नाही तर मरणाऱ्या माणसाला ते शॉक देत राहतं. पेसमेकरची नोंदही हवी. दहनाआधी तो काढावा लागतो, भट्टीत फुटतो. आणि मेसोथेलिओमा, म्हणजे अॅस्बेस्टॉसमुळे झालेला कॅन्सर असेल, तर मृत्यू कॉरोनरला, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवला जातो. हे घरच्यांना आधी माहीत हवं. नाहीतर दारात पोलीस पाहून त्यांना वाटतं आपल्यावरच संशय आहे.

शेवटच्या दिवसात हातपाय गार, गुडघ्यांवर जाळीदार जांभळे डाग, लघवी थोडी आणि गडद. श्वास खोल होत होत उथळ होतो आणि मध्येच थांबतो. वीस-तीस सेकंदांचा खंड पडतो, घरचे श्वास रोखून बसतात, मग तो पुन्हा सुरू होतो. मराठी घरात याला ऊर्ध्व लागला म्हणतात आणि तासाभरात सगळ्यांना फोन जातात. हे काही तासच चालतं असं नाही, दीड-दोन दिवसही चालू शकतं. घरघर ही घशात साचलेल्या थुंकीची, पेशंटला ती जाणवत असल्याचं दिसत नाही. कुशीवर वळवायचं, डोकं थोडं उंच. औषध नवी थुंकी कमी करतं, जमलेली काढत नाही, म्हणून द्यायचं तर आवाज सुरू होताच. सक्शन घशात घालून काही साधत नाही.

शेवटी खाली घ्यायचं असेल तर आधी सांगावं. अडवायचं काही कारण नसतं, फक्त जमिनीवर गादी, सरकवायची चादर, चार माणसं आणि ड्रायव्हरची पिशवी अंगाबरोबर नेणारं पाचवं कुणीतरी लागतं. लाइन मागे राहिली की सुई उपटून येते.

मृत्यूनंतर ९९९ नाही, आमच्या टीमचा नंबर. पडताळणीचं प्रशिक्षण घेतलेली नर्स येते आणि किमान पाच मिनिटं पाहते: मानेची नाडी, छातीवर स्टेथोस्कोप लावून हृदयाचे आणि श्वासाचे आवाज, डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश, खांद्याचा स्नायू दाबून प्रतिसाद. असोसिएट सहसा तिच्यासोबत किंवा मागून असते. अपेक्षित मृत्यू असेल तर ड्रायव्हर थांबवून उरलेले मिली लिहायचे. कॉरोनरची केस असेल तर नळ्या तशाच. अंग धुणं घरच्यांना करायचं असतं, आम्ही पाणी आणि टॉवेल देतो. मंगळसूत्र, जानवं काढायचं नाही, फ्यूनरल डिरेक्टरला तसं लेखी कळवायचं.

‘आजच नेता येईल ना?’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तर जवळपास नेहमी नाही असंच असतं. ९ सप्टेंबर २०२४ पासून कॉरोनरकडे न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूचं कारण मेडिकल एक्झॅमिनरने, म्हणजे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या डॉक्टरने, पाहिल्याशिवाय दाखला पुढे जात नाही, मग पाच दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे नोंद, मग अंत्यसंस्काराच्या परवानगीचा हिरवा कागद, मग स्मशानाची वेळ. आठवडा सहज जातो. मुंबई-पुण्याहून निघालेल्या भावाला ‘तुझ्यासाठी थांबायला वेळ आहे’ हे मात्र त्यामुळे खरं सांगता येतं.

राहिला डबा. त्यातली औषधं कायद्याने त्या कुटुंबाची. आम्ही ती बॅगेत घालून न्यायची नसतात. हॅरॉल्ड शिपमन या जीपीने डायमॉर्फिन वापरून पेशंट मारले, २००० मध्ये त्याला शिक्षा झाली, आणि त्यानंतर कंट्रोल्ड ड्रगच्या एकेका अँप्यूलचा हिशोब कडक झाला. म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर घरच्यांसमोर मोजणी होते. मॉर्फिन सात, मिडॅझोलॅम आठ, लेव्होमेप्रोमॅझिन दहा, दोन सह्या. ते पिशवीत घालून केमिस्टकडे परत द्यायला सांगायचं. पलंग आणि गादी उचलायची नोंद टाकायची, पण तेरावा होईपर्यंत गाडी नको म्हणत असतील तर तारीख पुढची घ्यायची. आणि रेकॉर्डमधून दाराबाहेरच्या की-सेफचा (घराची किल्ली ठेवायच्या पेटीचा) नंबर काढून टाकायचा.